वाड्याची डागडुजी आणि गावाचा होकार



आज आपण एका घरगुती गोष्टीविषयी बोलणार आहोत. गोष्ट घरगुती खरी, पण तिच्यामागे जवळजवळ तीनशे वर्षांचा इतिहास उभा आहे. जुने घर दुरुस्त करायचे आहे, त्याला एखादी खोली जोडायची आहे, किंवा वर मजला चढवायचा आहे. अशा वेळी कुणाला विचारावे लागते? आणि घर आपले असताना विचारायचे तरी का?

हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तो माझ्या आजोळी. तिथे आमचा एक चौसोपी वाडा होता. चिरेबंदी जोते, वर भाजक्या विटा, सागवानी खांब, आणि पुढे रस्त्याला लागून ऐसपैस ओसरी. ओसरी म्हणायला आमची, पण दुपारी तिच्यावर निम्मा गाव टेकलेला असे. धाकट्या मामेभावाचे लग्न ठरले, तेव्हा मामांनी बेत केला की ओसरी भिंत घालून बंद करायची आणि पुढच्या सोप्यावर एक मजला चढवायचा. गवंडी ठरला, विटा आल्या. आणि ग्रामपंचायतीचा निरोप आला : नकाशा द्या, आणि शेजाऱ्यांची संमती आणा.

मामा संतापले. सरपंच घरी आले, तेव्हा त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

"घर माझं, माती माझी, पैसा माझा. मग कागद कशापायी?" मामा म्हणाले.

"अण्णा, घर तुमचंच हाय. पण मधली भिंत दोघांची हाय," सरपंच म्हणाले.

ही गोष्ट पुढे कुठे गेली ते शेवटी सांगतो. आधी तुम्हाला पुण्याला घेऊन जातो, कारण "घर माझे, मग विचारू कुणाला" हा प्रश्न तिथे एका फार मोठ्या माणसापुढेही उभा राहिला होता.

तो माणूस म्हणजे पहिला बाजीराव पेशवा. १७२० साली त्याला पेशवाईची वस्त्रे मिळाली. १७२८ साली पालखेडला त्याने निजामाला कोंडीत पकडले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, मुठेच्या काठी कसब्याजवळ त्याने आपल्या राहत्या वाड्याचा पाया घातला. वास्तुशांत झाली २२ जानेवारी १७३२ रोजी, तीही शनिवारीच. वार पाहून वाड्याचे नाव पडले शनिवारवाडा. त्या वेळचा खर्च सोळा हजार एकशे दहा रुपये सांगतात.

आता बघा, बाजीरावाचे वय तेव्हा अवघे एकोणतीस. फौज त्याच्या शब्दावर चालत होती, खजिना त्याच्या हातून जात होता. पण तो राजा नव्हता. राजा होते साताऱ्याचे छत्रपती शाहू महाराज. पेशवा त्यांचा मुख्य प्रधान, म्हणजे चाकर. वाडा बांधता बांधता या नात्याची आठवण बाजीरावाला दोनदा करून दिली गेली, असे पुण्यात परंपरेने सांगत आले आहेत.

पहिली आठवण दगडाची. सबंध वाडा दगडी बांधायचा असा बेत होता म्हणे. खालचा थर झाला, आणि साताऱ्यास कुणीतरी गाऱ्हाणे नेले की दगडी महाल बांधणे हा राजाचा मान आहे, प्रधानाचा नव्हे. त्यावर साताऱ्याहून हुकूम आला की वरचे काम विटांनी करावे. ही आख्यायिका आहे, तिला आख्यायिका म्हणूनच ऐकावे. पण ती लोकांना पटली याचे कारण डोळ्यांसमोर आहे. आजही शनिवारवाड्याच्या तटाकडे पाहिले, तर खाली दगड आणि वर वीट अशी मांडणी दिसते.

दुसरी आठवण दरवाज्याची. वाड्याचा मोठा दरवाजा उत्तरेकडे तोंड करून उभा आहे. त्याचे नावच दिल्ली दरवाजा. शाहू महाराजांना ते रुचले नाही, म्हणून तटाचे आणि दरवाज्याचे काम अडून राहिले, असे सांगतात. दरवाज्याने कुणाचे काय बिघडते, असे आपल्याला वाटेल. पण शाहू महाराजांचा पूर्वेतिहास ध्यानात घ्या. १६८९ साली रायगड पडला तेव्हा ते लहान मूल होते. त्यानंतर १७०७ सालापर्यंत, म्हणजे जवळजवळ अठरा वर्षे, ते मोगलांच्या छावणीत कैदेत वाढले. सुटून आल्यावर चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा त्यांनी १७१९ साली दिल्लीच्या बादशहाकडूनच मिळवल्या. अशा राजाला आपल्या प्रधानाच्या घराचे तोंड दिल्लीवर रोखलेले कसे आवडावे? घराचे दार कुठे उघडते हा तेव्हा राजकारणाचा प्रश्न होता.

शाहू महाराज १७४९ साली निवर्तले. त्यानंतर नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत तट आणि दरवाजा पुरे झाले. पुढे प्रत्येक पिढीने वाड्यात भर घातली. नवे दिवाणखाने आले, नवे चौक आले, बाळ सवाई माधवरावासाठी हजारी कारंजे आले. आता पेशव्यांना अडवणारे कुणी उरले नव्हते. वाडा वाढत गेला तो सगळा लाकडाच्या सांगाड्यावर, आणि लाकडाचा वैरी म्हणजे आग. लहानमोठ्या आगी तर अनेकदा लागल्या. पेशवाई १८१८ साली बुडाली आणि २७ फेब्रुवारी १८२८ रोजी जी आग लागली ती सात दिवस धुमसत होती. काही लोक सांगतात की इंग्रजांच्या तोफांनी वरचे मजले उडवले. तसे नाही. वाडा गेला तो आगीत. उरले काय? तट, दरवाजे, दिल्ली दरवाज्यावरचा नगारखाना, जोती आणि कारंज्याचा हौद.

बाजीरावाची गोष्ट राजा आणि प्रधान यांच्यातली झाली. साध्या माणसाचे काय? त्यालाही विचारावे लागेच. पेशवाईत पुण्याला कोतवाल असे, आणि रस्ते, गल्ल्या, घरे यांवरून होणाऱ्या तंट्यांची चौकशी करणे हे त्याच्या कामांत मोडत असे. खेड्यात हे काम पाटील आणि गावची गोतसभा करी. आपल्याकडे जमिनीचे दोन भाग मानत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गाववस्ती. पांढरीतली जागा कुणाची, पाणी कुठून वाहायचे, कुणाच्या भिंतीत कुणाची तुळई, हे गावाला माहीत असे, आणि तंटा झाला तर चारचौघांना बोलावून तो तोडला जाई. तेव्हा परवानगी ही इंग्रजांनी आणलेली भानगड आहे, असे कुणी म्हणाले तर मानू नका. कागद नवा आहे, विचारण्याची रीत जुनी आहे.

आता पुण्यातलाच दुसरा वाडा पाहू. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी विश्रामबागवाडा बांधला. त्याला सुमारे दोन लाख रुपये लागले असे सांगतात. पुढच्या बाजूचे कोरीव सुरूदार खांब आणि सज्जा ही त्याची शोभा. १८७९ सालच्या मे महिन्यात एकाच रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा यांना आग लावली गेली. बुधवारवाडा पार गेला. विश्रामबागचा पुढचा भाग जळाला.

तेव्हा पुण्याची नगरपालिका स्थापन होऊन वीस-बावीस वर्षे झाली होती. पेशवे कधीच गेले होते. वाड्याचा पूर्वीचा मालक नव्हता, त्याचा वारस दावा सांगायला येणार नव्हता. तो पुढचा भाग पडू दिला असता, तर कुणी विचारले नसते. पण नगरपालिकेने पैसे घातले, लोकांनी वर्गणी दिली, आणि जळालेली बाजू पुन्हा उभी राहिली. पुढे अनेक वर्षे नगरपालिकेची कचेरीही याच वाड्यात होती. शनिवारवाड्याच्या वेळी होकार द्यायचा की नाही हे एकटा राजा ठरवत होता. दीडशे वर्षांनी गावाने नुसता होकार दिला नाही, तर खिशात हातही घातला. मला वाटते, या दोन वाड्यांमधले खरे अंतर हेच आहे.

आता कायद्याकडे येऊ. फार खोलात जात नाही, पण गुरुजनांना मुलांना सांगता यावे एवढे सांगतो. जुन्या इमारतींसाठी पहिला मोठा कायदा इंग्रजी अमलात १९०४ साली झाला. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने १९५८ साली आणि महाराष्ट्राने १९६० साली आपापले कायदे केले. शनिवारवाडा हे केंद्राचे संरक्षित स्मारक आहे. मुंबईने १९९५ साली जुन्या इमारतींची यादी करून त्यांच्या श्रेणी लावल्या आणि बदल करण्याआधी एका समितीचे मत घेण्याचा नियम केला. म्हणजे राजवाडा नसलेली, साध्या माणसांची राहती घरेसुद्धा वारसा म्हणून मोजली जाऊ लागली.

केंद्राच्या कायद्यात २०१० साली एक मोठी दुरुस्ती झाली. संरक्षित स्मारकापासून सर्व बाजूंनी निदान शंभर मीटर जागा प्रतिबंधित ठरली. तिथे नवे बांधकाम करायचे नाही. त्यापुढच्या दोनशे मीटरांत बांधायचे तर परवानगी घ्यायची. प्रतिबंधित जागेत ज्यांची घरे १६ जून १९९२ च्या आधीपासून आहेत, त्यांना दुरुस्ती आणि नूतनीकरण करता येते, पण अर्ज करून. आणि दुरुस्ती याचा अर्थ आहे त्या घरात फेरबदल. घर पाडून नव्याने बांधणे त्यात येत नाही.

आता यातली गंमत बघा. गंमत म्हणतो, पण तिथे राहणाऱ्यांना ती गंमत नाही. ज्या शनिवारवाड्याच्या भिंतींना एके काळी राजाचा होकार लागला, तोच वाडा आज शेजारच्या घरांच्या होकाराचे कारण झाला आहे. त्याच्याभोवती कसब्यात, शनिवारात जुने वाडे आहेत. त्यांत भाडेकरू आहेत, चुलत चुलत वारस आहेत. पावसाळ्यात भिंत फुगते, तुळई लचकते. घर मोडकळीला आलेले, आणि पाडून नवे बांधायची सोय नाही. "स्मारक जपा, पण आम्ही काय करायचं?" हा त्यांचा प्रश्न खोटा नाही. दगडाचे स्मारक जपताना शेजारी राहणारा माणूस भिंतीखाली सापडला, तर ते जपणे कुणाला गोड लागेल?

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. शंभर मीटरांची अट नसती, तर दिल्ली दरवाज्याच्या डोक्यावर आज किती मजले उभे राहिले असते याचा विचार करा. एकदा गेले ते गेले. १८२८ मध्ये जळालेले दिवाणखाने कुणाला परत आणता आले?

खेड्यात तर आणखी निराळे दुखणे आहे. आपल्याकडच्या बहुतेक गढ्या आणि वाडे कुठल्याच यादीत नाहीत. त्यांना सरकारचे संरक्षण नाही आणि सरकारची आडकाठीही नाही. गढीचा बुरूज ढासळला की त्याची पांढरी माती लोक खत म्हणून शेतात नेतात. वाड्याचा कोरीव खांब भंगारवाला मोटारीत घालून नेतो. अशा ठिकाणी एकच दार उरते, ते ग्रामपंचायतीचे. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या बावन्नाव्या कलमात म्हटले आहे की घर बांधण्यापूर्वी किंवा पुन्हा बांधण्यापूर्वी पंचायतीची परवानगी घ्यावी. तपशिलाचे नियम वेळोवेळी बदलत आले आहेत, ते आपल्या ग्रामपंचायतीच्या कार्यालयात विचारून घ्यावेत. पण नियम काहीही असोत, जुन्या घराला हात लावताना तीन गोष्टी पाहिल्या पाहिजेत, आणि त्या पाहायला मोठे शिक्षण लागत नाही.

पहिली गोष्ट, भार कुणावर आहे. जुना वाडा खणांनी मोजतात. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. तळखड्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कडीपाट. वरचे बरेचसे ओझे हा लाकडी सांगाडा पेलतो. तेव्हा "एक खांब मधे येतो, काढून टाकू" असे म्हणणे म्हणजे चालत्या गाडीचे चाक काढण्यासारखे आहे. वर मजला चढवायचा, तर आधी खांबांची बुडे आणि तुळयांची टोके तपासावीत. वाळवी लागते ती बहुधा तिथेच, भिंतीच्या पोटात, जिथे नजर जात नाही.

दुसरी गोष्ट, चुना आणि सिमेंट. जुनी भिंत चुन्यात किंवा मातीत बांधलेली असते. घाणीत मळलेला चुना ओल शोषतो आणि पुन्हा बाहेर सोडतो. त्याच्यावर सिमेंटचा गिलावा केला, की ओल आत कोंडते. भिंत वरून गुळगुळीत दिसते आणि आतून भुसभुशीत होत जाते. घरमालकाला वाटते, आपण भिंत मजबूत केली. खरे म्हणजे त्याने तिचा श्वास कोंडलेला असतो. जिथे चुना होता तिथे चुनाच घालावा. तो मळणारे गवंडी आता थोडे राहिले आहेत. आहेत तोवर त्यांना काम द्यावे.

तिसरी गोष्ट, शेजार. पागोळ्या कुणाच्या अंगणात पडणार, कुणाचा उजेड अडणार, आणि मधली भिंत कुणाची. गावातली निम्मी वैरे या तीन प्रश्नांतून निघालेली आहेत.

आता माझ्या मामांची गोष्ट पुरी करतो. सरपंचांनी भांडण वाढवले नाही. त्यांनी गावातला एक म्हातारा गवंडी पाठवला. तो शिडी लावून वर चढला, आणि मधल्या भिंतीत शिरलेल्या तुळईच्या टोकाला त्याने टोकदार सळई लावली. सळई वीतभर आत गेली, लोण्यात जावी तशी. तुळई वाळवीने पोखरलेली होती. तिच्यावर मजला चढला असता, तर तो दोन्ही घरांत कोसळला असता. मामा काही बोलले नाहीत. मजला रद्द झाला. तुळई बदलली, तिचा निम्मा खर्च शेजाऱ्यांनी दिला. नवी खोली परसात बांधायचे ठरले, स्वतंत्र पायावर.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, पंचायत शहाणी निघाली. पण थांबा. परसातल्या खोलीचा कागद मिळायला दोन पावसाळे गेले. कधी बैठकच भरली नाही, कधी कागद सापडला नाही. दुसऱ्या पावसाळ्यात स्वयंपाकघराची मागची भिंत पडली. रात्रीची वेळ होती म्हणून चुलीपाशी कुणी नव्हते. मामी त्यानंतर कितीतरी दिवस म्हणत, "मजला थांबवला ते बरं केलं. पण खोली कशाला थांबवली?"

मामींच्या या प्रश्नाला मला आजवर उत्तर सापडलेले नाही. म्हणून मी एवढेच म्हणेन की परवानगीला दोन बाजू असतात. घरमालकाने आधी विचारावे, विटा आणून टाकल्यावर नव्हे. आणि ज्यांना विचारले, त्यांनी जागेवर जाऊन पाहावे, कारण सांगावे आणि वेळेत उत्तर द्यावे. नकार द्यायचा तर त्याबरोबर दुसरी वाट दाखवावी. शाहू महाराजांचा प्रश्न मानाचा होता. आपला प्रश्न मानाचा नसावा. तो घर टिकेल का, शेजारी सुखात राहील का, आणि आत राहणाऱ्यांची सोय होईल का, एवढाच असावा.

जाता जाता गुरुजनांना एक विनंती. तुमच्या गावात एखादा जुना वाडा असेल, तर मालकांची परवानगी घेऊन, हो, तिथेही परवानगी घेऊनच, मुलांना एकदा तिथे न्या. खण मोजायला लावा. ओसरी, सोपा, चौक, देवघर, बळद यांचा साधा नकाशा काढायला लावा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की कोणता भाग कधी बांधला आणि कुणी. ते वहीत उतरवून वही शाळेत ठेवा. उद्या त्या घराला खोली जोडायची वेळ आली, तर पंचायतीपुढे ठेवायला काहीतरी असेल. आणि उद्या ते घर गेलेच, तर निदान ते कसे होते एवढे तरी गावाला ठाऊक राहील.

आमच्या आजोळची ओसरी अजून उघडी आहे. मामांनी तिला भिंत घातली नाही. का घातली नाही, हे त्यांनी कधी सांगितले नाही. पण दुपारी गाव तिच्यावर टेकायला येतच राहिला, आणि मामेभावाच्या लग्नाची पंगतही तिथेच बसली. सरपंच पहिल्या पंगतीला होते. त्या दिवशी मामांनी त्यांना स्वतः वाढले.